चौथ्या दिवशी विहीर निळी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही शाळेच्या मोठ्या खोलीत शेवटच्या बाकावर बसला आहात. अख्खा गाव जमला आहे. समोर टेबलावर शहरातून आलेल्या सरकारी साहेबांनी भलामोठा नकाशा पसरला आहे. अणुभट्टीतला विषारी कचरा गावामागच्या टेकडीत पुरायचा, असं त्यांच्या मनात आहे.

"टेकडीत मुरलेलं पाणी तुमच्या विहिरीपर्यंत यायला हजार वर्षं लागतील," साहेब म्हणाले. "उगाच घाबरू नका."

कापड रंगवणारी मावशी फिसकन हसली. "हजार वर्षं? अहो, गेल्या महिन्यात मी उरलेला रंग टेकडीवरच्या खड्ड्यात ओतला. चौथ्या दिवशी विहीर निळी! सगळ्यांनी माझी खरडपट्टी काढली ती वेगळीच."

"बाई, गप्पा नकोत. पुरावा आहे?"

विहीर तर केव्हाच पुन्हा नितळ झाली होती.

शेवटच्या बाकावर मावशीची भाची आईची शाल लपेटून बसली होती. शाळेचा तिचा एकुलता एक पांढरा फ्रॉक नेमका त्या चौथ्या दिवशी विहिरीच्या पाण्यात धुतला होता. तेव्हापासून मुलं तिला 'शाईची दौत' म्हणून चिडवत.

साहेबांनी नकाशा गुंडाळायला घेतला. "मग ठरलं. उद्यापासून खोदकाम."

"कसं ठरलं?" मुलगी ओरडली. शाल बाकावर टाकून ती पुढे आली, टेबलावर चढली आणि निळ्या फ्रॉकात नकाशावर, बरोबर टेकडीवर, पाय रोवून उभी राहिली.