पाच पाट्यांची कमान

मी एका जुन्या, लाल, दोनच माणसं बसतील अशा स्पोर्ट्स कारच्या मागच्या डाव्या चाकावरची कमान आहे. एकावर एक बांधलेले पाच पोलादी पाटे, म्हणजे मी. मित्रांनो, तरुणपणी शिरपूरचे सुकदेवनाना आम्हाला इतकं पळवत, की लळिंगच्या घाटात गाडीची सावली मागे पडायची आणि तासाभराने धापा टाकत धुळ्याला पोचायची. खोटं वाटत असेल तर सावलीला विचारा.

पुढे नानांचे गुडघे धरले. गाडी चिंचेखाली उभी राहिली ती वीस वर्षं. गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी गंजले, बसले. माझा एक पाटा तडकला.

यंदा नानांची मुलगी हेमांगी हिने इंजिन सुरू करून घेतलं आणि, मी तडकलेली म्हणून, गाडी ओढून धुळ्याला लोटनभाऊंकडे आणली; नानाही सोबत आले. ते ट्रकच्या कमानी दुरुस्त करतात आणि मोडीतल्या पाट्यांचे कोयते घडवतात. मला पाहताच ते म्हणाले, "ताई, चार कोयता निघतीन, झकास!"

"आधी कमान करून बघा, भाऊ. नाहीच जमलं, तर कोयते."

माझं पोलादाचं पाणी पाणी झालं!

लोटनभाऊंनी पाटे सुटे केले, गंज घासला, भट्टीत तापवून बाक दिला, तेलात बुडवले. तडकलेल्याच्या जागी नवा पाटा घातला. मग नानांनी चहाचा भरलेला पेला काचेखालच्या फळीवर ठेवला. ही त्यांची जुनी परीक्षा. हेमांगीने गाडी काढली, ती दहा हात गेली, टणकन उडाली आणि चहा नानांच्या पायजम्यावर! डावी बाजू वर, नाना उजवीकडे कललेले.

"गेली कमान," नाना हळूच म्हणाले. "लोटन, कर बाबा कोयते."

भट्टी पुन्हा फुलू लागली. हेमांगी मात्र खाली वाकून बोटाने पाटे मोजत होती.

"लोटनभाऊ, पाच होते ना? मग सहा कसे झाले?"

लोटनभाऊंनी जीभ चावली. "सवय शे ना, ताई! आठे जो ट्रकवाला येस तो जादा माल भरस. मी न सांगताच एक पाटा वाढाई देस."

"अहो, दोन माणसं बसणार आहेत, कापसाच्या गाठी नाहीत!"

सहावा पाटा निघाला. नाना पेला घेऊन हेमांगीसोबत लळिंगपर्यंत जाऊन आले. एक थेंब सांडला नाही. मी तर म्हणते, दोन घोट वाढलेच होते. नाना तो गार चहा डोळे मिटून प्यायले. हुश्श! भट्टीत तेव्हा सहावा पाटा कोयत्यासाठी लाल होत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वेळच्या वेळी वंगण द्या. आणि ती मोडीत काढायची झालीच, तर आधी एकदा खाली वाकून पाटे मोजा.