जास्तीचं एक

"मावशी, पिशवी उघडा," कारकून म्हणाला.

आणि हे म्हणाला कुठे, तर पहिलीच्या वर्गाच्या दारात, माझ्या चाळीस मुलांसमोर. मुलांच्या हातात आभाराची कार्डं होती आणि ती एका सुरात म्हणत होती, "थँक यू, पोस्टमन! थँक यू, डॉक्टर!" मदतनिसांचा दिवस साजरा होत होता ना आमचा! आणि ज्यांनी ही कार्डं कापली, त्यांचीच झडती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कशासाठी?" मी विचारलं.

"मोठी कात्री, बाई. यादीत आहे, कपाटात नाही. मावशी जायच्या आत सगळं सामान जमा करून घ्या म्हणाल्यात मोठ्या बाई."

मावशींचा तो शाळेतला शेवटचा दिवस होता. बावीस वर्षं त्यांनी वर्ग झाडले, मुलांची नाकं पुसली आणि माझ्या इंग्रजीच्या तासाला लागेल ते कापून दिलं. पानगळीला पानं, थंडीला हिमकण, इंग्रजांकडच्या सैनिक-स्मृतिदिनाला लाल कागदी फुलं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोणत्या महिन्यात काय लागणार हे माझ्याआधी त्यांना ठाऊक असे. मुलं चाळीस असली की त्या एकेचाळीस कापत. म्हणत, "एक जास्तीचं हवंच. कुणाचं तरी फाटतं, मग ते रडत बसतं." आणि दरवेळी कुणाचं तरी फाटायचंच.

आता शाळा तयार संच घेणार होती. प्रत्येक ऋतूचं, प्रत्येक दिनविशेषाचं एकेक खोकं, आत सगळं यंत्रावर कापलेलं. झाडायला कंत्राटाची माणसं येणार. मग मावशी कशाला हव्यात? गरज सरो, वैद्य मरो.

कात्री मावशींची स्वतःची होती. शाळेच्या कात्र्या मुलांच्या, बोथट, म्हणून त्यांनी ती घरून आणली होती. तिच्या दोन्ही कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. एक चिंधी विरली की वर दुसरी.

"ती त्यांची कात्री आहे," मी म्हणाले. "माझ्या टेबलावर आहे. पिशवीत नाही."

"यादीत शाळेची आहे." त्याने कागद माझ्यासमोर धरला. 'मोठी कात्री, नग एक.' अक्षर माझंच होतं.

सहा वर्षांपूर्वी तपासणी आली होती. संध्याकाळपर्यंत यादी हवी होती. मी कपाट उघडलं आणि दिसेल ते लिहीत सुटले. कुणाचं काय, हे कोण बघत बसतो? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच होते.

एवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांना कार्डं घेतलेल्या मुलांचे फोटो काढायचे होते.

"बाई, यादीत चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी खोडून सही करते."

"तपासलेल्या यादीत खाडाखोड चालत नाही. तुम्हाला नव्याने सांगायचं का? आणि एका कात्रीसाठी एवढा तमाशा?"

"तमाशा मी मांडलाय? एका कात्रीसाठी झडती कोण घेतंय? पोरांना 'थँक यू' म्हणायला लावताय, जरा तरी लाज वाटू द्या!"

मुलांचा आवाज एकदम थांबला. पुढच्या बाकावरच्या मुलीचे ओठ थरथरायला लागले.

"बाई, गप्प बसा," मावशी मला म्हणाल्या. "पोरं घाबरलीत."

त्यांनी माझ्या टेबलावरची कात्री उचलली, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि चिंध्या सोडवू लागल्या. आधी एका कड्याच्या, मग दुसऱ्याच्या. अगदी आतली चिंधी लोखंडाला चिकटली होती. ती त्यांनी नखाने सोडवली. सगळ्या चिंध्यांची नीट घडी केली, पिशवीत ठेवली आणि उघड्या कड्यांची कात्री कारकुनाच्या हातात दिली.

"ही घ्या तुमची. चिंध्या नाहीत ना यादीत?"

मेल्याने खरंच यादी पाहिली. "नाहीत," म्हणाला.

मावशी निघाल्या. त्या दिवशी कुणाचंच कार्ड फाटलं नव्हतं, एकेचाळिसावं उरलं होतं. मी त्यावर घाईघाईने 'थँक यू, मावशी' लिहिलं आणि फाटकापर्यंत धावत गेले. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"काय लिहिलंत?"

मी वाचून दाखवलं.

"जास्तीचं होतं ना हे?" त्या कडक आवाजात म्हणाल्या. "आता कुणाचं फाटलं तर?"

कार्ड माझ्या हातात परत देऊन त्या गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी पानगळीचं खोकं आलं. आत पानं चाळीस, मोजून. 'लीफ, लीफ' म्हणत मुलं ती भिंतीवरच्या झाडाला चिकटवत होती, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या त्या मुलीचं पान देठापासून फाटलं. ती रडली नाही. तिने नुसता हात पुढे केला.

"बाई, जास्तीचं द्या ना."

मी कपाटातून मोठी कात्री काढली आणि रंगीत कागद घेतला. उघडं कडं अंगठ्यात रुतत होतं. एकच पान कापलं, पण अंगठ्यावर लाल वळ उठला.

मुलीने पान उजेडात धरून बघितलं.

"हे वाकडं झालंय," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "मला नाही जमत."