हवेत आवळलेला बुश

मी बोलतोय, कामोठ्याच्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून, जुन्या वर्तमानपत्रावर पडल्या पडल्या. मी गाडीचा बुश. लोखंडी कड्यात बसवलेलं मूठभर रबर. रस्त्याचा दणका आधी मी खायचो, उरलासुरला माणसांपर्यंत जायचा. आता थकलो हो. वय म्हणाल तर आठ महिने.

मला गाडीत बसवलं ते मालकांनी, दिलीपरावांनी, घरच्या घरी. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स केलेला माणूस. मेकॅनिककडे जाणं म्हणजे कमीपणा. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, आणि यांनी माझा बोल्ट करकचून आवळला.

शेजारचे हिरामण, इथल्याच मूळ गावातले, बघत होते. म्हणाले, "साहेब, आधी गाडी खाली घ्या, मंग आवला. हवेत आवललेला रबर टिकनार नाय."

"तीस वर्षं हेच केलंय, हिरामणभाऊ. टेन्शन नका घेऊ."

गाडी खाली आली, लोंबकळतं चाक वर सरकलं आणि जागीच आवळलेल्या मला पीळ बसला. गाडी उभी असतानासुद्धा तो सुटेना. त्यात खड्डे तर आमच्या पाचवीलाच पुजलेले. फाटत गेलो, खडखडू लागलो. दिलीपराव म्हणाले, "हल्लीचा मालच डुप्लिकेट!" चोर सोडून संन्याशाला फाशी!

भोगलं मात्र त्यांच्या पत्नीनं, चारुलताबाईंनी. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. त्यांची नव्वदीची आई, भागीरथीबाई, मोरा गावी भावाकडे. तिला भेटायला निघालो, तर वाटेत गव्हाण फाट्याशीच दणक्यांनी बाई कळवळल्या. गाडी परत फिरली. फोनवर म्हणाल्या, "आई, पुढच्या रविवारी नक्की." तो रविवार काही आला नाही. मला फार वाईट वाटलं.

आज सकाळी दिलीपरावांनी मला ठोकून बाहेर काढलं. हातात फिरवून पाहिलं. ज्या दिशेला पिळलो होतो, त्याच दिशेला फाटलो होतो. मग हिरामणना हाक मारली.

नवा बुश बसवला. बोल्ट नुसता हातानं लावला, गाडी चाकांवर उतरवली.

"चारू, जरा गाडीत बस."

"आत्ता? कशाला?"

"तुझं वजन पडू दे. मग आवळतो."

बासष्टाव्या वर्षी ते पुठ्ठ्यावर आडवे होऊन गाडीखाली सरकले. हिरामणनी पान्हा पुढे केला आणि दिलीपरावांनी बोल्ट आवळला.

बाबांनो, ओझं वाहायला आमची ना नाही. फक्त ओझं अंगावर यायच्या आधीच आम्हाला पिळू नका.

चारुलताबाई बसल्या त्या उतरल्याच नाहीत. "आता थेट आईकडेच चला," म्हणाल्या. गाडी गेटच्या स्पीडब्रेकरवरून गेली. मी कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही.