पंधरा मिनिटांचा मीटर

वीज कोणत्या कंपनीकडून घ्यायची ते आता ज्याचं त्याने ठरवायचं, असं पत्रक पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये आलं. मी ते दोनदा वाचलं आणि फ्रिजला चुंबकाखाली लावून ठेवलं. वायर तीच, पंखेही आपलेच, मग कंपनी बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं, ते काही उमगलं नाही.

एका संध्याकाळी माझे यजमान, यशोधन, लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले.

"अगं, इकडे बघ. हा फिक्स्ड प्लॅन, दोन वर्षं एकच दर. हा दुसरा सरकारी दरावर सूट देतो, म्हणजे तो दर हलला की हाही हलणार. आणि हा तिसरा. रात्री अकरा ते सकाळी सात, म्हणजे ऑफ-पीक, स्वस्त, दिवसा महाग."

"दिवसा महाग म्हणजे तोट्याचाच की."

"दुसऱ्यांना! तू साडेचारला उठतेस. गीझर, वॉशिंग मशीन, राईस कुकर, इस्त्री, सगळं सातच्या आत आटपतेस. अख्ख्या ब्लॉकमध्ये हा प्लॅन परवडेल अशी तू एकटी."

ऋता, आमची दहा वर्षांची लेक, वहीतून डोकं वर काढून तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आई इज ऑफ-पीक, लाह."

मलाही हसू आलं. पहाटेची आंघोळ, स्तोत्रं, सातच्या आत नैवेद्य, हे माझे नेम. त्यातून कोणाला सूट मिळेल असं मनातही आलं नव्हतं. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच.

"अहो, कंपनी बदलताना दिवे जातात का?"

"काय?"

"म्हणजे बदलतात त्या वेळी. क्षणभर तरी?"

"क्षणभर गेले तर गेले. तुला त्याचं काय?"

मी ताटं घ्यायला उठले.

आमचं देवघर म्हणजे हॉलमधल्या कपाटाचा वरचा कप्पा. घरमालकीण मिसेस लिम यांनी करारातच लिहून घेतलंय, स्वयंपाकाचा गॅस सोडून घरात कुठेही ज्योत पेटवायची नाही. म्हणून पुण्याहून विजेची छोटी समई आणलेली. गेल्या ज्येष्ठात माझ्या धाकट्या भावाला, मुकुलला, आईची किडनी बसवली. पहिलं वर्ष जपायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी हात जोडून मनात म्हटलं, वर्षभर हा दिवा विझू देणार नाही. या घरात आल्यापासून वीज एकदाही गेली नव्हती, त्या भरवशावर बोलून गेले. संकल्प पुरा होईतो कोणाला सांगायचा नाही ही आमच्या माहेरची रीत, तेव्हा ह्यांनाही सांगितला नव्हता. एकदा निजायला जाताना ह्यांचा हात त्या बटणाकडे गेला, तेव्हापासून बटणावर ऋताच्या अक्षरातली पट्टी आहे: 'डोन्ट ऑफ'.

वर्ष पुरं व्हायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मीनल भेटली. सातव्या मजल्यावर राहते, हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते. तिला सगळं पाठ.

"कार्डावर घेतलंस तर फिक्स्ड स्वस्त. कार्ड नसेल तर सूटवाला. आणि मध्येच सोडलास तर दंड, तो बघून घे."

"मीनल, बदलताना दिवे जातात का गं?"

"संजीवनी, तू एसीचं विचार! दिव्याला असं किती लागतं?"

आमचा मजला कधीच मागे पडला होता. परत खाली येताना मला फिक्स्ड कोणता आणि सूटवाला कोणता, तेही आठवेना.

शेवटी मीच कंपनीला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड होती. "नाही मॅडम, तारा त्याच राहतात. एक सेकंदही जात नाही."

मी देवाकडे पाहिलं.

"कोणता प्लॅन घेताय मॅडम?"

"तो रात्रीचा. सातच्या आतला."

"मग मीटर बदलायला माणूस येईल. फक्त त्या वेळी पंधरा मिनिटं बंद राहील."

ज्या नेमांमुळे तो प्लॅन आम्हाला सगळ्यांत स्वस्त पडत होता, त्यांतलाच एक नेम त्या प्लॅनने मोडणार होता. कोणाशी बोलावं तेही कळेना. ह्यांना म्हटलं, "फिक्स्डच घेऊया का?"

"का?"

"असंच."

"असंच म्हणून दोन वर्षं जास्त भरायचे?" हे हसले आणि त्यांनी अर्ज पाठवून दिला.

माझ्या आजोळी नंदादीपाची वात संपत आली की आधी नवी वात त्याच ज्योतीवर लावत आणि मगच जुनी काढत. ते आठवलं. ऋताकडे बॅटरीवर चालणारी एक प्लॅस्टिकची मेणबत्ती होती, शाळेच्या नाटकातली. तिला दिवा म्हणावं का? आणि ज्योतीवर ज्योत लावतात, बल्बवर बल्ब कसा लावायचा? तरी मी ती स्वच्छ पुसली, कुंकू लावलं आणि समईशेजारी ठेवली. शनिवारी दहानंतर माणूस येणार होता. मी ऋताला बजावलं, "वीज जायच्या आधी ही लावायची. नंतर नाही. आधी."

"ओके, ओके."

शनिवारी नऊला मी एलआरटीच्या गाडीने नारळ आणायला गेले. परतले तर कॉरिडॉरमध्ये मीटरची कपाटी उघडी, तिच्यापाशी एक गृहस्थ हत्यारं आवरत होते. लवकर आले होते. मी चपलांसकट आत धावले, हेही जन्मात पहिल्यांदाच. समई जळत होती. मेणबत्तीही. ऋता समोर मांडी घालून बसलेली.

"आधी लावलीस ना?"

"हो. अंकल सेड, 'ओके, आय ऑफ नाऊ', सो आय ऑन."

"त्यांनी घालवायच्या आधी?"

तिने विचार केला. "आधी. ऑर सेम टाइम. आय थिंक आधी, लाह."

"नक्की?"

"आई, देवासमोर मी डोळे मिटले होते. यू ऑल्वेज क्लोज, व्हॉट."

मी तिथेच बसले. विझला की नाही विझला? मेणबत्ती मोजायची की नाही? चपला पायातच होत्या, त्याचं आणखी वेगळंच.

हे खोलीतून हेडफोन काढत आले. "काय झालं? रडतेस का?"

मग मी सांगितलं. मुकुलचं, वर्षाचं, सगळं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की आता तोही नियम मोडला.

ह्यांनी हेडफोन टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "अगं वेडे, फिक्स्डमध्ये आणि ह्याच्यात महिन्याला चार डॉलरचा फरक होता."

"मला कुठे माहीत?"

"आणि मला कुठे माहीत?"

दुपारी मुकुलला फोन केला. रिपोर्ट बरा होता. बिनमिठाच्या जेवणाला कंटाळलोय ताई, म्हणून त्याने दहा मिनिटं आईच्या भाजीची उणीदुणी काढली.

मेणबत्ती मी विझवली नाही. दोन्हींपैकी खरी कोणती चालू राहिली ते कळत नव्हतं, म्हणून दोन्ही तशाच ठेवल्या. संध्याकाळी हे खालच्या दुकानातून आले ते हातात सेलचं पाकीट घेऊन.

"किती दिवस राहिले?"

"त्रेचाळीस."

ह्यांनी पाकीट उलटसुलट करून वाचलं, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि पुन्हा चपला घातल्या.

"एकाने भागायचं नाही," म्हणाले, आणि लिफ्टकडे गेले.