पसंत न पडणारी लेन्स

कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे, मागच्या खोलीत एकट्याने बसून हा त्यावर दात बसवायचा आणि तयार कवळी डबीतून रवाना व्हायची. ती ज्याच्या तोंडात जाई तो माणूस याला कधी दिसतच नसे. आई होती तोवर संध्याकाळी दारात "आलास का?" असं विचारणारं कुणी होतं. ती गेली आणि घर खायला उठलं.

मग त्याने एक छोटा मिररलेस कॅमेरा घेतला. माणसांचे फोटो काढायचे तर माणसं लागतात. ताऱ्यांचं तसं नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर कॅमेऱ्याची तिपाई रोवली की झालं. पण कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स अंधारात आंधळीच. आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं आणि फोटोत मूठभर ठिपके! शेवटी तो बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेला.

दुकान एका बाईंचं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"आकाशासाठी ना? मग उजेड भरपूर आत घेणारी हवी, आणि रुंद. ही बारा मिलिमीटरची न्या. वापरून बघा, नाही आवडली तर परत आणा."

फोटो घेऊन तो परत आला तेव्हा बाईंनी कॉम्प्युटरशेजारी स्टूल ओढलं. "बसा. मधले तारे सगळ्यांचेच चांगले येतात. खरी परीक्षा कोपऱ्यात."

दोघांनी चारही कोपरे मोठे करून पाहिले. टाचणीने टोचावेत तसे तारे आले होते. लेन्स अव्वल होती, हे त्याला तिथेच कळलं. पण शेजारी कुणीतरी बसलं होतं, त्याच्या कामात डोकं घालून "हा बघा, हा कसला सुरेख!" म्हणत होतं. असं कुणी म्हणून किती काळ लोटला होता! घेतो म्हणावं, तर हे संपलंच.

"चांगली आहे, पण..." तो चाचरला, "यात सगळं फारच लहान दिसतं हो."

बाईंनी चोवीसची दिली. तिच्यात कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे पसरले. लेन्सचा उजेड आत घेणारा झरोका जरा लहान केला की ते पंख गेले असते; हे त्याला ठाऊक होतं, पण बोलला नाही. मग पंच्याऐंशीची नेली. इतक्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये पृथ्वीचं फिरणंही लपत नाही. ताऱ्यांच्या रेघा झाल्या.

"स्थळं पाहावीत तशा लेन्सेस पाहताय," बाई हसल्या. "एकीचं नाक, दुसरीचा रंग!"

तोही हसला. घरी जाताना रस्ताभर ते वाक्य घोळवत राहिला.

"पहिलीच पुन्हा द्या," पुढच्या खेपेला तो म्हणाला. ती घेऊन टेकडीवर गेला आणि तिथे फोकसची कडी हाताने किंचित फिरवून ठेवली.

बाईंनी फोटो मोठा केला. आधी कोपरे पाहिले, मग मधले तारे.

"अंगण वाकडं नाही, कवळीवाले. फोकस सुटलाय. दातांमधली केसाएवढी फट तुम्हाला दिसते आणि हे दिसलं नाही?"

त्याचे कान तापले. मान खाली घालून तो स्टुलाची कड चाचपत राहिला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, लेन्स हळूच डबीत ठेवली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"घेऊन टाका ही. आणि फोटो दाखवायला येत जा. त्यासाठी काही परत करावं लागत नाही."

तो गेलाही. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. स्टुलावर एक कॉलेजातली मुलगी बसली होती आणि बाई तिला काहीतरी समजावत होत्या. "बसा हं, येतेच," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून. पण बसायला जागा नव्हती. काचेच्या कपाटाशी थोडा वेळ घुटमळून, गरज नसताना लेन्स पुसायचं एक फडकं घेऊन तो बाहेर पडला.

घरी येऊन त्याने ताईला फोन लावला. एरवी फोन तीच करायची.

"काय रे? बरा आहेस ना?" ताई घाबरलीच.

"बराय. एक फोटो पाठवलाय. बघ ना."

पलीकडे भांडी वाजत होती, भाचरं भांडत होती. "अरे, हा तर नुसता काळा आहे."

"खोलीतला दिवा घालव आणि बघ."

ताई आतल्या खोलीत गेली असावी. आवाज मागे पडले. मग तिचा श्वास तेवढा ऐकू आला.

"अगं बाई! इतके? आणि तू तिथे एकटाच होतास?"

"हो," तो म्हणाला.

तिने पुढे काहीच विचारलं नाही, आणि फोनही ठेवला नाही.