महादूची मोटर आणि पूजेचे लाल कापड

मित्रांनो, मी चिंचणीच्या महादूची जुनी मोटर आहे. होडीच्या मागच्या फळीला घट्ट आवळून बसवतात ना, तसली. आता रंग उडाला, पत्रा चेपला. पण सन चौसष्टमध्ये मी आले तेव्हा मला बघायला किनाऱ्यावर जत्रा जमली होती. आजूबाजूला माझ्यासारखी दुसरी नव्हती, हे मी आजही ताठ मानेने सांगते.

महादूचे वडील धर्माजी मात्र नाक मुरडत. "शिडाला पेट्रोल लागत नाय," म्हणत. पण वारा पडलेल्या दिवशीही मी त्यांना वर्षभर वेळेवर घरी आणले, तशी म्हाताऱ्याची माया जडली. नारळी पौर्णिमेला त्यांनी स्वतः मला हळदकुंकू लावले आणि पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर, माझ्या पायाला लाल कापड गुंडाळले. पूजेचे कापड आपोआप गळून पडेपर्यंत सोडायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी फुलून गेले.

पण माझ्या पायाला एक बारीक जाळी असते. तिच्यातून समुद्राचे पाणी वर चढते, माझे तापलेले अंग निववते आणि मागच्या भोकातून धारेने बाहेर पडते. कापड नेमके त्या जाळीवर आले होते.

दुसऱ्या दिवशी महादूचा धाकटा भाऊ जिवल्या शिडाच्या होडीने पुढे गेला होता; महादू आणि धर्माजी मला घेऊन मागून येत होते. वारा पडला आणि त्याच्या होडीची फळी सुटून आत पाणी शिरू लागले. लांबून तो वल्हे हलवताना दिसला. महादूने मला जोरात पळवले. अर्ध्या वाटेत माझी धार बंद पडली, वाफा निघू लागल्या.

महादूने मला बंद केले. धर्माजींनी पाण्याची बादली उचलली.

"बाबा, नको! तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडकंल ती. मग जिवल्याला ओढू कशानं?"

त्याने भोकात तार घातली. भोक साफ होते. मग मला उचलून आडवी केली, आणि त्याचा हात थबकला.

"बाबा, तुमी बांधलेलं कापड जाळीवर बसलंय."

तिकडे जिवल्या डब्याने पाणी उपसत होता. धर्माजींनी एकदा कापडाकडे पाहिले, एकदा पोराकडे. "सरक," म्हणाले, आणि स्वतःच्या सुरीने कापड कापले. "देवाला मी सांगीन. चूक माजी हाय."

मी निवेपर्यंत बापलेक वल्ही मारत राहिले. मग महादूने दोरी ओढली. मी दोनदा खोकले आणि सुरू झाले. धर्माजींनी धारेखाली तळवा धरला.

"येतंय पानी! चल, महादू!"

जिवल्या भरलेल्या होडीत कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याला आमच्या होडीत घेतले, त्याची होडी दोराने बांधली आणि मी दोन होड्यांचे ओझे ओढत निघाले.

मित्रांनो, यंत्राला फूल वाहा, नमस्कारही करा. पण ते कुठून श्वास घेते हे आधी बघा. एवढे सांगायचा मान मला आहे. कारण त्या दिवशी जिवल्याची आई गोजराबाई किनाऱ्यावर धावत आली आणि रडत विचारू लागली, "कोनी आनला माज्या पोराला?"

धर्माजींनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवले.