मे महिन्यात रिकामं आभाळ

मित्रांनो, मी विमलाताईंची दुर्बीण. मी जुनी आहे, पावसाळी ओलीने माझ्या उजव्या भिंगाला बुरशी धरली आहे; पण जे नाही ते मी कधी दाखवलं नाही. हे आधीच सांगते, कारण भरसभेत माझ्यावर तोच आळ आला.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. बोटीवर कामाला असलेल्या सुदेशने मला बहिणीसाठी, विमलाताईंसाठी, गोव्यातल्या इब्रामपूरला आणलं. ताई जवळच्या तुये गावच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. वर्षाची रजा साठवून त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मला गळ्यात घालत आणि गावामागचा डोंगर चढत. थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षी त्या मोजत. गरुड, मधुबाज, भोवत्या आणि समुद्रापार आफ्रिकेला निघालेले मूठभर अमूर ससाणे! ऊन तापलं की कड्यावरून गरम हवा उठते. तिच्यावर गरुड पंख न हलवता गिरक्या घेत चढतात आणि दक्षिणेला सरकतात. ताईंनी अकरा वर्षं त्यांची नोंद ठेवली.

शेजारच्या शिवदासचा ट्रक होता. तो हसायचा, “गो विमल, घारी मोजून कोणाचा पोट भरला?” ताई मला गळ्यात अडकवून डोंगराची वाट धरत.

मग डोंगरावर दगडाची खाण येणार असं ठरलं. पाहणीला एक माणूस आला, तोही मे महिन्यात, भर दुपारी. त्याने मला डोळ्यांना लावलं. आभाळ रिकामं होतं. ऑक्टोबरात या, असं ताईंनी त्याला दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली, काजूच्या सावलीत पाणी प्यायला आणि अहवालात लिहिलं: ‘स्थलांतरित शिकारी पक्षी आढळले नाहीत.’

त्या खोट्या ओळीत माझी नजर वापरली होती! अजून माझ्या काचा तापतात.

ऑक्टोबरात पेडण्याला खाणीची जनसुनावणी झाली. ताईंनी वह्या पुढे ठेवल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मला दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं आणि बुरशी सगळ्यांना दाखवली. असल्या दुर्बिणीच्या नोंदी कशा मानायच्या, असं विचारलं. लोक हसले.

ताई उभ्याच राहिल्या. “साहेब, दुर्बीण राहू दे. रविवारी डोंगरावर या आणि नुसत्या डोळ्यांनी बघा.”

साहेब आले नाहीत. गाव मात्र आला, शिवदाससुद्धा. सकाळी नऊपर्यंत ढग होते आणि लोक कुजबुजू लागले होते. मग ऊन पडलं आणि कड्यामागून गरुड वर आले, एकामागून एक. दुपारपर्यंत त्रेचाळीस झाले. शिवदासने मला डोळ्यांवरून काढलंच नाही. शेवटी ताईंनी फेरपाहणीसाठी आणलेला अर्ज हातात घेऊन तो हळूच म्हणाला, “विमल, माझी सही खंय करूची?”

सह्यांचा अर्ज गेला. नवी पाहणी पुढच्या ऑक्टोबरात करायचा हुकूम निघाला. पण तो येईपर्यंत पहिल्या अहवालाच्या जोरावर यंत्रांनी उत्तरेचा उतार कापून नेला होता. कापलेला डोंगर कोण परत आणून देणार? त्याचं उत्तर कोणत्याच कागदावर नाही.

मित्रांनो, मला पुसा, कोरडी ठेवा, असं मी विनवणार नाही. माझं आयुष्य झालं. पण उद्या तुमच्या गावाबद्दल कोणी लिहिलं की ‘इथे काहीच नाही’, तर गप्प बसू नका. त्याला भरसभेत विचारा: तुम्ही आला होता कोणत्या महिन्यात?